बरणी तुझ्यासमोर उघडायला हवी होती

वैजू,

काल बरणी उघडली. दीड वर्ष ती आपल्या अंधेरीच्या गाळ्यातल्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन पदर, त्यावर आडवी तुझी सही आणि तिच्याखाली सेलिनबाईंची, पाटीवर गिरवल्यासारखी. तुला जाऊन सोळा दिवस झाले. तू होतीस तोवर मी तिला हात लावला नाही, आणि तू गेल्यावर मला ती कपाटात बघवेना.

मी कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करतो अशी तुझी कायमची तक्रार, म्हणून आज पहिल्यापासून सांगतो. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. पण माझ्या तोंडून तू ते ऐकलेलं नाहीस. माझ्या तोंडून तू फक्त कारणं ऐकलीस.

आपण दोघं काय काम करतो हे कुणाला सांगायला गेलं की लोक हसायचे. कॉफीची चव घ्यायची आणि त्याचा पगार मिळतो म्हणजे काय, असं वाटायचं त्यांना. तुझ्या सासूबाई तर शेवटपर्यंत समजत होत्या की तू अंधेरीला कुठल्यातरी हॉटेलात कपबशा विसळतेस, आणि तूही त्यांचा गैरसमज दूर केला नाहीस. एमआयडीसीतला तो लांबट गाळा, पुढे भाजणीचं यंत्र, मध्ये आपलं गोल टेबल, मागे गोण्या. एकाच मालाचे पाच कप मांडायचे, भरड पूड, वर गरम पाणी, चार मिनिटं थांबायचं, वर आलेली साय चमच्यानं फोडून नाक खुपसायचं आणि मग चमचा ओठांशी नेऊन सुर्रकन ओढायचं. तुझा आवाज एवढा मोठा असायचा की शेजारच्या गाळ्यातला डबेवाला पार्टिशनवर थाप मारायचा. मी हळू ओढायचो. बँकेतला साहेब बशीतून चहा पितोय असं वाटतं, म्हणायचीस.

तुझ्या जिभेला तोड नव्हती. एकदा एका मालावर तू म्हणालीस, हा येताना डिझेलच्या शेजारी बसून आलाय. मला पाचही कपांत काही लागत नव्हतं. ट्रकवाल्याला फोन केला तर त्यानं कबूल केलं, मागे गोण्यांना टेकून कॅन ठेवला होता. त्या दिवशी मी तुझ्याकडे जरा घाबरूनच बघितलं होतं.

तरी जुने साहेब निवृत्त झाले तेव्हा मुख्य चाखणारा म्हणून शेठनी मला नेमलं. तू माझ्याआधी तीन वर्षं लागलेली. बाहेरचे खरेदीदार येतात, त्यांच्याबरोबर बसावं-उठावं लागतं, बाईमाणसाला कशाला ती दगदग, असं शेठ म्हणाले आणि मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तू गावच्या जत्रेतलं खाजं घेऊन आलीस, पुडा माझ्यासमोर ठेवलास आणि म्हणालीस, "घे, सातबारा. तोंड गोड कर."

हे नाव का, ते नंतर कळलं. गावच्या तुमच्या तुकड्यावर तुझी आई जन्मभर राबली. वडील मुंबईत गिरणीत, वर्षातून पंधरा दिवस गावी. सातबाऱ्यावर नाव मात्र वडिलांचं, आणि ते गेल्यावर भावांचं. आईचं कुठेच नाही, तुझंही नाही. तेव्हापासून काम एकाचं आणि कागदावर नाव दुसऱ्याचं असलं की तो दुसरा तुझ्या हिशेबी सातबारा. अकरा वर्षं मी त्या नावाला हसत ओ दिली. चवीचा निकाल लिहायच्या तक्त्यावर सही माझी असायची आणि निम्म्या वेळा जीभ तुझी. हे मी शेठना एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काही बिघडणार नव्हतं, आणि म्हणूनच जास्त लाज वाटते.

दर हिवाळ्यात तू कर्नाटकात घाटावर जायचीस. आपण ज्यांचा माल घ्यायचो त्यांत मोठे मळेवाले होते तसे दोन-तीन एकरांचे लहान शेतकरीही होते, आणि तू कायम त्या लहानांकडे उतरायचीस. सेलिनबाईंची ओळख तिथलीच. त्यांची कोकणी आणि तुझी मालवणी, दोघींना एकमेकींचं अर्धं कळायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर तुम्ही भांडायचात. त्या तुला वैजूबाय म्हणायच्या. तिथून परत आलीस की आठवडाभर तुझ्या बोलण्यात त्यांच्याशिवाय विषय नसायचा.

पावसाचं वेळापत्रक बिघडलंय हे मला पहिल्यांदा तुझ्याकडून कळलं. पूर्वी एका सरीनंतर सगळी कॉफी एकदम फुलायची. आता सर येते, थांबते, महिन्यानं पुन्हा येते, आणि फुलं तीनदा येतात. मग एकाच फांदीवर हिरवं फळ, लाल फळ आणि सुकून काळं पडलेलं फळ शेजारी शेजारी. भर जानेवारीत, माल अंगणात वाळत पडलेला असताना पाऊस. तू फोटो दाखवायचीस आणि मी म्हणायचो, अरे बाप रे. अंधेरीत बसून आणखी काय म्हणणार.

खरेदीदारांसाठी मी एकदा पडद्यावर दाखवायला चित्रं तयार केली होती, आठवतं? बदलत्या हवामानाशी शेतकरी कसं जुळवून घेतो वगैरे. सावलीची झाडं, जमिनीपासून उंच बांधलेल्या वाळवणीच्या जाळ्या, आणि एकाऐवजी तीन वेळा तोडणी, फक्त पिकलेलं फळ. मी खूश होतो स्वतःवर. तू मागच्या खुर्चीवर बसून सगळं बघितलंस आणि पाहुणे गेल्यावर विचारलंस, "तीनदा तोडणी. कोण तोडणार रे तीनदा?"

मी म्हटलं, शेतकरी.

"शेतकरी म्हणजे कोण? सेलिनबाईचा नवरा? तो संघाच्या बैठकीला जातो, माहिती ऐकून येतो. चढावर तीनदा ती फिरते. पाऊस आला की रात्री उठून ताडपत्री ती ओढते. तुझ्या चित्रात ती कुठाय?"

मी चिडलो. हवामान सगळ्यांनाच सारखं, त्यात बाई-पुरुष कुठून आणतेस, असं काहीतरी बोललो. तू मालवणीवर आलीस, म्हणजे तू खरंच रागावली होतीस. "गप रव," म्हणालीस. "तुका कळता काय रे?" हा वाद आपला कधीच संपला नाही. आज तो मी एकट्यानं चालवतो आणि दोन्ही बाजूंनी तूच बोलतेस.

उंच जाळ्यांची कल्पना सेलिनबाईंची होती. तू फक्त प्लास्टिक नेऊन दिलंस, असं तू सगळ्यांना बजावून सांगायचीस. बांबूचे खांब, त्यावर जाळी, खालून वारा, वरून ओढता येईल असं प्लास्टिक. पाऊस आला तर एका बाईला एका झटक्यात झाकता यावं, ही त्यांची अट. त्यांच्याबरोबर आणखी चौघीजणी तयार झाल्या. पण तिथल्या शेतकरी संघाच्या यादीत नाव फक्त जमीन ज्याची त्याचं, आणि जमीन पाचही घरांत नवऱ्यांची. तू दोन हंगाम त्या संघाच्या ऑफिसात जाऊन बसलीस. शेवटी कंटाळून ते एका चाचणीला तयार झाले. पाच बायकांचा वेगळा माल, दोन गोण्या, गोणीवर त्यांची नावं. आपल्या टेबलावर तो पास झाला तर पुढच्या वर्षी आणखी बायका, आणि यादीत तोडणी-वाळवणी कोणाची याचा एक वेगळा रकाना. नापास झाला तर विषय बंद. एवढं सगळं त्या दोन गोण्यांवर होतं, आणि मला ते माहीत होतं.

त्या जानेवारीत पाऊस आलाच. मोठ्या मळ्यांचा माल अंगणात भिजला. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तू जाऊन आलीस तेव्हा बरणी घेऊन आलीस. सेलिनबाईंच्या चुलीवर, लोखंडी तव्यात थोडा माल भाजून तू तिथेच चव घेतली होतीस. संत्र्याची साल आणि मागून गूळ, म्हणालीस, आणि बुरशीचा मागमूस नाही. मग त्याच मालातला अर्धा किलो, कवचासकट, बरणीत भरून दोघींनी सह्या केल्या. कधी वाद झाला तर असावी म्हणून. एकट्यानं उघडायची नाही, दोघांनी मिळून उघडायची, हा नियमही तुझाच. मी तुझी चेष्टा केली होती, की बँकेचा लॉकर आहे का हा.

मे महिन्यात गोण्या आल्या. त्याच आठवड्यात तुझी तपासणी झाली आणि रिपोर्टात गाठ निघाली. मोठ्या मळ्यांच्या गोण्यांनी लाकडी पॅलेट सगळे अडले होते. सेलिनबाईंच्या दोन गोण्या मी मागच्या भिंतीशी, खाली फरशीवर ठेवायला सांगितल्या. दोन दिवसांसाठी, म्हटलं. छोटा माल, कुठेही मावतो. मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते हे तुला माहीत, मला माहीत, शेठना माहीत. त्या दोन दिवसांचे पाच महिने झाले. तुझ्या आजारपणात लक्ष राहिलं नाही, असं मी मनाला पुष्कळ दिवस सांगत होतो. पण त्याच पाच महिन्यांत मळेवाल्यांच्या गोण्यांवर माझं लक्ष नीट होतं.

ऑक्टोबरात तो माल टेबलावर आला. पाचही कपांत ओल्या गोणपाटाचा वास. मी दुसऱ्यांदा भाजून पाहिला, तोच वास. तक्त्यावर लिहिलं, वाळवणीत दोष, नापास, आणि खाली सही केली. मला क्षणभरही शंका आली नाही. घाटावर जानेवारीत पाऊस पडला होता, मोठमोठ्या मळ्यांचा माल खराब झाला होता, मग पाच बायकांनी बांबूच्या जाळ्यांवर वाळवलेला माल कसा वाचेल? गोणीचा तळ उलटून बघायचं सुचलं नाही. मळेवाल्याचा माल असता तर सुचलं असतं.

नोव्हेंबरात तू आलीस. डोक्याला सुती रुमाल, हाताची हाडं दिसत होती. मुलुंडहून रिक्षानं आलीस, घरी नवऱ्याला, दिलीपरावांना, न सांगता. स्टुलावर बसलीस, दम खाल्लास आणि तक्ता मागितलास. वाचून झाल्यावर म्हणालीस, "बरणी काढ."

मी म्हटलं, रिपोर्ट संघाकडे गेलाय.

"जाऊ दे ना. बरणी काढ. तू भाज, तूच चव घे. मला काही लागत नाही, मी नुसती बसते."

तुला काही लागत नव्हतं हे खरंच होतं. औषधांनी तुझी चव घालवली होती. पाणी लोखंडासारखं लागतं, म्हणायचीस. भात लागतच नाही. मी तुझ्याकडे बघितलं, आणि मग मी ते वाक्य बोललो. ते इथे लिहायचं की नाही याचा मी सोळा दिवस विचार करतोय. "वैजू, तुझी जीभ आता भरवशाची राहिली नाही."

मी तुझ्या एप्रिलमधल्या चाखण्याबद्दल बोलत होतो. एप्रिलमध्ये तू आजारी नव्हतीस, असं तू म्हणू शकली असतीस. ती गाठ तेव्हाच असणार, चव तेव्हाच बिघडली असणार, असं मी पुढे बोलणार होतो आणि तुला ते कळलं. म्हणालीस, "जीभ गेलीय. डोकं जाग्यावर आहे." मी उठलो नाही म्हणून कपाटातून बरणी तूच काढली होतीस, ती तूच परत दुसऱ्या फळीवर ठेवलीस आणि रिक्षा बोलाव म्हणालीस. मी रस्त्यापर्यंत सोडायला आलो. रिक्षात बसल्यावर तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

आता जे सांगतो ते तुला कुणीच सांगितलेलं नाही. डिसेंबरात नापास माल हलवायला घेतला तेव्हा मी गोण्या उचलल्या. दोन्हींचा तळ काळा पडलेला, हात लावला तर तागाचे धागे सुटून येत होते. भिंतीवर ओलीचा पट्टा होता, बरोबर तेवढ्याच उंचीवर. मी तिथे उभा राहिलो. त्या क्षणी मला सगळं कळलं. बरणी उघडायची गरजही नव्हती. मी गोण्या खतवाल्याला देऊन टाकल्या, जागा झाडून घेतली आणि टेबलावर येऊन दुसऱ्या मालाचे कप मांडले. कबूल केलं असतं तर चूक माझी, गाळा आमचा, सही माझी. आणि अकरा वर्षांत एकही निकाल बदलला नाही हे मी नव्या माणसांना अभिमानानं सांगायचो.

त्यानंतर दर महिन्याला तुझा व्हॉट्सॲपवर एकच शब्द यायचा, बरणी? मी उत्तरात विचारायचो, तब्येत कशी आहे. यंदाच्या एप्रिलनंतर तो शब्दही बंद झाला.

तुझ्या घरी यायचो तेव्हा तू स्वयंपाक करायचा हट्ट धरायचीस. तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतंस, वाटी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, मीठ बघ. ज्याच्याकडून तू असलं ऐकून घेतलं होतंस त्याच्याच जिभेवर तू घरचं कालवण सोपवत होतीस. मीठ कमी होतं. मी म्हटलं, झकास झालंय. दिलीपरावही म्हणाले, मस्त. तू आम्हा दोघांकडे बघितलंस आणि म्हणालीस, "दोघंही खोटारडे आहात." हसत म्हणालीस. मग मिठाची बरणी आणून माझ्यापुढे ठेवलीस.

ऑगस्टात शेवटचा आलो तेव्हा तू पलंगावरून उठत नव्हतीस. मी मनात ठरवून आलो होतो, आज सांगायचं. तू घाटावरचं काही विचारलं नाहीस, बरणीचं तर नाहीच. माझ्याकडे न बघता, पंख्याकडे बघत, तू विचारलंस, "मागची भिंत केली का रे?"

मी म्हटलं, "हो. एप्रिलमध्ये गिलावा केला."

"बरं झालं."

एवढंच. तुला ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. बहुतेक नोव्हेंबरात स्टुलावर बसलीस तेव्हाच तू मागे नजर टाकली असशील आणि गोण्या कुठे आहेत ते पाहिलं असशील. तू मला दार उघडून दिलं होतंस, वैजू. आत येऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी विचारलं, बर्फ आणू का चघळायला? तू हो म्हणालीस आणि मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजपाशी उभा राहिलो.

नियम दोघांचा होता, म्हणून काल दिलीपरावांना बोलावलं. मुलुंडहून आले. तुझी बावीस वर्षं गेली तो गाळा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. दारातच थबकले, मग विचारलं, ती कुठे बसायची. मी स्टूल दाखवलं. ते त्यावर बसले नाहीत, शेजारी उभे राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं, गोण्या, भिंत, ते वाक्यही. मी मनातून वाट बघत होतो की ते मला काहीतरी म्हणतील.

चिकटपट्टी त्यांनीच कापली, तुमच्या सह्यांना धक्का न लावता. एवढ्याशा मालाला कवच काढायचं यंत्र लावता येत नाही, म्हणून आम्ही दोघं समोरासमोर बसून हातानं एकेक बी सोलत होतो. दोन वाट्या व्हायला सव्वा तास लागला. माझी नखं दुखायला लागली. दिलीपरावांनी विचारलं, हे तिकडे बायका करतात का? मी सांगितलं, एवढंच नाही, याच्याआधीचंही सगळं. ते म्हणाले, ही घरी येऊन सांगायची, मी टीव्ही बघत हूं हूं करायचो. मग त्यांनी विचारलं, इथे तिचं नाव असलेला एखादा कागद आहे का, घरी न्यायला. मी फायली काढल्या. बावीस वर्षांचे तक्ते, वैजू. पहिली अकरा वर्षं जुन्या साहेबांची सही, नंतर सगळीकडे माझी. हजेरीचं पुस्तक सोडलं तर तुझं नाव कुठेच निघालं नाही. शेवटी मी त्यांना ती चिकटपट्टी दिली. त्यांनी ती एका पाकिटात घालून खिशात ठेवली.

पाच कप मांडले. साय फोडली, नाक खाली नेलं. आणि मग मी तुझ्यासारखं ओढलं, मोठ्यानं, पार्टिशनवर थाप पडेल इतकं. थाप पडली नाही, डबेवाला गाळा सोडून गेलाय.

बुरशी नव्हती. एकाही कपात नाही. पण संत्र्याची सालही नव्हती. दीड वर्षात माल जुना झाला, चव लाकडी आणि बसकी झालीय. कुठेतरी तळाशी गुळासारखं काही होतं, किंवा मला ते हवं होतं म्हणून लागलं. माल स्वच्छ होता एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. किती चांगला होता ते आता कुणालाच कळणार नाही. ते फक्त तुझ्या जिभेवर होतं. नोव्हेंबरात तू समोर बसली असताना बरणी उघडली असती तर ते तक्त्यावर आलं असतं, आणि वर्ष वाया जाण्याआधी संघाकडे गेलं असतं.

शेठना सांगितलं. ते म्हणाले, जाऊ द्या ना आता, बाई गेली, विषय गेला, कंपनीच्या कागदावर चूक लिहून कशाला द्यायची. मी त्यांना नाही म्हणायला एकोणीस वर्षं उशीर केलाय, तरी काल म्हटलं. साध्या कोऱ्या कागदावर नवा तक्ता केला. माल स्वच्छ. दोष साठवणुकीत, आमच्या गाळ्यात, माझ्या निर्णयानं. चाखणाऱ्याच्या रकान्यात दोन ओळी केल्या, पहिलीत एप्रिलची चव आणि तुझं नाव, दुसरीत कालची आणि माझं. आज सकाळी तो संघाला पाठवला. नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल.

पाठवून झाल्यावर सेलिनबाईंना फोन केला. तू गेल्याचं दिलीपरावांनी त्यांना कळवलं होतं, चर्चमध्ये तुझ्या नावानं प्रार्थना झाली म्हणाल्या. मी मला येते तशी हिंदी-कोकणी जुळवत सगळं सांगितलं. बांबू कुठे आहेत, असं भीतभीत विचारलं. मिरीच्या वेलांना लावले, म्हणाल्या, नवऱ्यानं त्याच वर्षी उपटले. गेल्या हंगामात त्यांचा माल नवऱ्याच्या मालात मिसळून त्याच्याच नावावर गेला. चौघींपैकी दोघी आता मोठ्या मळ्यावर मजुरीला जातात. नव्या कागदानं काही होईल का, हे मीच विचारलं. त्या म्हणाल्या, संघ बघेल. पुन्हा चाचणी दिली तरी चढावर तीनदा फिरायला आता गुडघे नाहीत.

मी माफी मागितली. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की माल चांगला होता हे त्यांना माहीत होतं. घरात थोडा ठेवला होता आणि त्या वर्षभर तोच पीत होत्या. रोज सकाळी.

मग त्यांनी विचारलं, "वैजूबायला सांगितलंत का तुम्ही? ती असताना?"

मी नाही म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही. कोंबड्यांचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "मग आता सांगा."

वैजू, माल स्वच्छ होता. तुझी जीभ बरोबर होती.